वाळला कडबा आणि मूठभर पेंड



वसंतातल्या व्याख्यानांची आपल्याकडील परंपरा मोठी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावी, उन्हाळ्याच्या संध्याकाळी, अशा माळा गुंफल्या जात आहेत. या व्यासपीठांवर वेदान्त झाला, राजकारण झाले, काव्य झाले, अर्थशास्त्र झाले. आज आम्ही आपल्यापुढे शेळी घेऊन उभे आहोत. मघाशी विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगांतून थोडे हसू ऐकू आले, त्याचे आम्हांस वाईट वाटलेले नाही. शेळीला हसण्याची आपली सवय जुनी आहे. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्यानेच शेळीच्या शेपटावरही म्हण केली, की ते धड माशा वारीत नाही आणि धड लाजही झाकीत नाही. तिसरी म्हण मात्र आम्हां व्याख्यात्यांवर आहे. उंटावरून शेळ्या हाकू नयेत, असे ती सांगते. म्हणून आज शक्य तितके जमिनीवर राहूनच बोलण्याचा आमचा विचार आहे.

विषय थोडक्यात असा आहे. आपल्या बीड जिल्ह्यात वर्षातले सहा-सात महिने शेळीला जो चारा मिळतो, तो पोट भरतो परंतु अंग भरत नाही. त्या चाऱ्यात एका गोष्टीची उणीव असते आणि ती उणीव फार थोडक्या वस्तूने भरून निघण्याजोगी आहे. ही उणीव प्रथिनांची होय. ती का पडते, पडल्यावर शेळीच्या पोटात काय घडते, ती कशाने भरून काढावी, आणि या कामी सावधगिरी कोठे बाळगावी, एवढे चार प्रश्न आज घ्यावयाचे आहेत.

प्रथम आपला मुलूख पाहू. उत्तरेस गोदावरी, मधून आडवा गेलेला बालाघाट, आणि वर पर्जन्यछायेचे आकाश. सरासरी पाऊस पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास असला, तरी सरासरी ही कागदावरची वस्तू आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या शेतकऱ्याला ती क्वचितच भेटते. १९७२ चा दुष्काळ येथल्या वृद्धांनी पाहिला. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ चे दुष्काळ तर आजच्या तरुणांनीही पाहिले. अशा मुलखात ज्याला जमीन नाही, किंवा असून नसल्यासारखी आहे, त्याच्या दारात बांधलेली शेळी हीच त्याची बँक असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा कोयता उचलून हजारो कुटुंबे येथून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काही जण शेळ्या बरोबर नेतात आणि फडातल्या उसाच्या वाढ्यांवर त्यांना जगवतात. काही जण त्या घरी म्हाताऱ्या आईवडिलांच्या हवाली करून जातात. मुलीची फी, सासऱ्याचे औषध, मुकादमाची उचल फिटेपर्यंतचा किराणा, या सर्वांना शेळीच उपयोगी पडते. शिवाय घरातली बाई स्वतःच्या अधिकारात विकू शकते असे धन बहुधा हे एवढेच असते. तेव्हा शेळीचा खुराक हा विषय एका अर्थी घराच्या अब्रूचाही विषय आहे.

आपल्या दारातली ही शेळी बहुतेक ठिकाणी उस्मानाबादी जातीची असते. आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतो, त्याच्या आणि लातूर, बीड, सोलापूर, परभणी, अहिल्यानगर या भागांच्या मातीत ही जात घडली. रंग बहुधा काळा, अंग उंचेपुरे, पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन साधारण तीस ते पस्तीस किलो. तिचा मोठा गुण म्हणजे ती जुळी करडे देते. पण हाच गुण आहार अपुरा पडला की संकट ठरतो. दोन जिवांना पोसायचे आणि ताटात एकाचेही धड नाही, अशी तिची अवस्था होते. मग करडे अशक्त जन्मतात, आईला दूध उतरत नाही, आणि दोहोंतले एक, कधी दोन्ही, पंधरवड्याच्या आत जातात. मालक म्हणतो, हवा बाधली. हवा बाधतही असेल, परंतु ज्या करडाच्या अंगात चरबी नाही आणि ज्याच्या पोटात पहिल्या तासाचा चीक पडलेला नाही, त्याला बाधण्यास साधा पहाटेचा गारवाही पुरे होतो.

आता चारा पाहू. आषाढ-श्रावणात बालाघाटच्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी हे गवत कोवळे असते तेव्हा ते उत्तम अन्न असते. फुलोरा आला की त्यातला कस बियांकडे आणि मुळांकडे वळतो. दिवाळीनंतर उभे राहते ते वाळलेले काड. त्या वाळल्या गवतात शंभर भागांत तीनच्या आसपास भाग प्रथिने उरतात. ज्वारीच्या कडब्यात चारच्या आसपास, गव्हाच्या काडात तीन. उसाच्या वाढ्यांचीही गोष्ट फार निराळी नाही. तुरीचे भुसकट त्या मानाने बरे, कडब्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून जाणती माणसे ते शेळ्यांसाठी राखून ठेवतात, ते उगाच नव्हे.

‘प्रथिन’ हा आपला शब्दही सुंदर आहे. १८३८ साली मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने ‘प्रोटीन’ हे नाव प्रथम छापले. ते त्याला बर्झेलियस या स्वीडिश पंडिताने सुचविले होते, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पहिल्या मानाचे’ असा आहे. मराठीने त्याचे ‘प्रथिन’ केले आणि ‘प्रथम’चा नाद त्यात सांभाळला. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगन येथील एका मद्यनिर्मितीच्या प्रयोगशाळेत केल्डाल या शास्त्रज्ञाने धान्यातले नत्र मोजण्याची रीत बसविली. प्रथिनात साधारणपणे शंभरात सोळा भाग नत्र असते, म्हणून नत्राच्या आकड्याला सव्वासहाने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. आजही पेंडीच्या पोत्यावर जो आकडा छापलेला असतो, तो मुळात या रीतीचाच. हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण पुढे युरियाच्या गोष्टीत तो पुन्हा लागणार आहे.

आता शेळीच्या पोटात शिरू. खाटीक ज्याला वजडी म्हणतो, तिच्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. शेळी घाईघाईने चरते, चारा या कोठीत टाकते आणि मग सावलीत बसून रवंथ करते, हे आपण रोज पाहतो. पाहत नाही ते असे, की या कोठीत एक अदृश्य वस्ती नांदत असते. तिथल्या रसाच्या एका थेंबात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. कडब्याचा कठीण तंतू शेळीला स्वतःला पचविता येत नाही. तो ही वस्ती फोडते, आणि फोडताना जी आम्ले निर्माण होतात त्यांवर शेळी जगते. पुढे ही वस्तीच चौथ्या पोटात आणि आतड्यात उतरते आणि स्वतः शेळीचे प्रथिनमय अन्न बनते. शेळीच्या घरी मजूर आधी राबतात आणि मग तेच पक्वान्न होतात, असा हा विलक्षण कारखाना आहे.

पण मजुरांनाही शिधा लागतो, आणि तो शिधा म्हणजे नत्र. चाऱ्यात प्रथिने सात-आठ टक्क्यांच्या खाली गेली की ही वस्ती उपासमारीला लागते. तिची संख्या घटते, कडबा फोडण्याचा वेग मंदावतो, आणि न फुटलेला चारा कोठीत रेंगाळतो. कोठी भरलेली असल्याने शेळीला आणखी खावेसे वाटत नाही. मालक पाहतो तर पोट तट्ट आहे, गव्हाणीत कडबा शिल्लक आहे, आणि शेळीच्या बरगड्या मोजता येत आहेत. तो म्हणतो, ‘हिला खायचीच वासना नाही.’ वासना आहे, परंतु जागा नाही. भरल्या पोटी उपाशी राहणे म्हणजे काय, ते पाहावयाचे असेल तर चैत्र-वैशाखात माळावरच्या शेळीकडे पाहावे.

आता यातले मर्म सांगतो. अशा शेळीला थोडी प्रथिने दिली, तर केवळ त्या प्रथिनांचाच लाभ होतो असे नाही. वस्ती पुन्हा कामाला लागते, कडबा लवकर फुटतो, कोठी रिकामी होते आणि शेळी अधिक कडबा खाते. म्हणजे आपल्या घरी जो निकृष्ट चारा पडून आहे, त्याचेही मोल वाढते. मूठभर पेंड गंजीभर कडब्याला कामाला लावते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

थोडे गणित करू. तीस किलोच्या, गाभण नसलेल्या आणि दुधात नसलेल्या शेळीला केवळ तोल टिकविण्यासाठी दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. नुसत्या कडब्यावर ती दिवसाला सहाशे ग्रॅमच्या आसपास खाते असे धरा. शेकडा चारच्या हिशेबाने त्यातून २४ ग्रॅम प्रथिने मिळाली. म्हणजे गरजेच्या निम्मीही नाहीत. आता तिला दीडशे ग्रॅम सरकी पेंड द्या. टरफलासह असलेल्या सरकी पेंडीत शेकडा बावीसच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे ३३ ग्रॅम. कडबाही ती शंभर ग्रॅम जास्त खाऊ लागली, तर त्यातून २८ मिळतील. बेरीज ६१ ग्रॅम. तूट भरली आणि थोडी शिल्लकही पडली. शेंगदाणा पेंड असेल तर तिच्यात शेकडा चाळीसच्या वर प्रथिने असल्याने पाऊणशे ग्रॅमही पुरते.

गाभण शेळीचा हिशेब निराळा. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, आणि करडाचे बहुतेक वजन शेवटच्या दोन महिन्यांत वाढते. या दोन महिन्यांत प्रथिनांची गरज अडीचपटीवर जाते, सुमारे १३० ग्रॅम. त्याच वेळी पोटातली करडे कोठीला दाबतात, म्हणून चाऱ्याची जागा कमी होते. ज्या काळात लागते अधिक आणि मावते कमी, त्या काळात कसदार अन्नाखेरीज दुसरा उपाय नाही. या दोन महिन्यांत रोज दोनशे ग्रॅम शेंगदाणा पेंड आणि अर्धा किलो हिरवा पाला, आणि व्याल्यावर करडे पीत असेतो आणखी दोन महिने तेवढेच, असे धरले तर एका वेतामागे पेंड किती लागली? चोवीस किलो. पन्नास किलोचे पोते अर्धेही होत नाही. या अर्ध्या पोत्याची किंमत एका बाजूस ठेवा, आणि दुसऱ्या बाजूस एका जगलेल्या, सहा महिन्यांच्या बोकडाची किंमत ठेवा. बाजारभाव दरसाल बदलतो, म्हणून आकडा आम्ही सांगत नाही. आपण आपल्या गावच्या आठवडी बाजारात तो लावून पाहावा.

इतका साधा हिशेब असताना तो होत का नाही? कारण अर्ध्या पोत्याचे पैसे आज द्यावे लागतात आणि बोकडाचे पैसे आठ-दहा महिन्यांनी येतात. ज्याच्या घरात उद्याच्या भाकरीची विवंचना आहे, त्याला हा मधला काळ ओलांडता येत नाही. म्हणून त्याला अज्ञानी म्हणू नये. त्याची अडचण हिशेबाची नसून हातात पैसा नसण्याची आहे. बचत गटांनी आणि सहकारी संस्थांनी शेळी घेण्यासाठी कर्ज द्यावे हे ठीकच, परंतु गाभण शेळीच्या अर्ध्या पोत्यासाठी चार महिन्यांची उधारी दिली, तर तिचे मोल कदाचित त्याहून अधिक ठरेल.

आणि जेथे पेंड विकत घेणे शक्यच नाही तेथे? तेथे झाडाकडे पाहावे. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या कोवळ्या पाल्यात, पाला वाळवून मोजला असता, शेकडा वीसच्या आसपास किंवा अधिक प्रथिने असतात. बांधावर, विहिरीच्या थारोळ्याच्या पाण्यावर, न्हाणीच्या सांडपाण्यावर शेवरीची दहा-वीस झाडे सहज जगतात. अर्धा-पाऊण किलो हिरवा पाला हा वर सांगितलेल्या दीडशे ग्रॅम सरकी पेंडीच्या तोडीचा होतो. ज्याच्याकडे पाणी आहे त्याने दशरथ घास किंवा लसूणघास थोड्या गुंठ्यांत लावावा. बोरीचा आणि बाभळीचा पाला तर आपल्या मेंढपाळ बंधूंच्या आकडीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा यांची चुणी व भुसा घरच्या घरी होतो, तो उकिरड्यावर जाऊ देऊ नये. या सर्व डाळींच्या पिकांची मुळे हवेतले नत्र जमिनीत आणतात, आणि तेच नत्र पाल्याच्या रूपाने शेळीकडे येते. निसर्गाने युरियाचा कारखाना आपल्या बांधावरच उभा करून ठेवला आहे.

कारखान्यातल्या युरियाविषयीही सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज पुष्कळ. कोठीतल्या वस्तीला नत्र हवे असते, ते प्रथिनांतूनच आले पाहिजे असा तिचा हट्ट नसतो. फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते शास्त्रज्ञ विर्तानेन यांनी १९६० नंतरच्या दशकात गाईंना प्रथिनरहित आहारावर, केवळ युरिया व अमोनियाचे क्षार आणि शुद्ध पिष्ट-तंतू देऊन दूध देते ठेविले. युरियात शंभरात शेहेचाळीस भाग नत्र असते. सव्वासहाने गुणा, म्हणजे त्यातले सामर्थ्य कळेल. परंतु सामर्थ्य आले की धोकाही आला. युरिया पाण्यात किंवा आंबोणात कालवून शेळीला देणे म्हणजे तिला विष देणे होय. तो सुरक्षितपणे वापरण्याची रीत वेगळी आहे. शंभर किलो वाळल्या काडाला किंवा कडब्याच्या कुट्टीला चार किलो युरिया चाळीस ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, दाबून, हवा जाणार नाही असे झाकून एकवीस दिवस ठेवावे. त्याने तंतू मऊ होतो आणि नत्रही वाढते. खाऊ घालण्यापूर्वी चारा तासभर उघडा पसरून वास उडू द्यावा. सहा महिन्यांच्या आतील करडांना तो देऊ नये. गूळ-मळी आणि युरियाच्या चाटण-विटाही मिळतात. त्या चाटण्यासाठी असतात, फोडून खाण्यासाठी नव्हेत.

सावधगिरीच्या आणखी चार गोष्टी सांगतो. एक, पेंड एकदम सुरू करू नये. चिमटीने आरंभ करून दहा-पंधरा दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे आणि ती दिवसातून दोन वेळा विभागून द्यावी, कारण वस्तीला नवे अन्न ओळखण्यास अवधी लागतो. दोन, बुरशी आलेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या बुरशीयुक्त पेंडीने सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन नावाचे विष जगाला कळले. तीन, सुबाभळीत मिमोसिन नावाचे द्रव्य असते, त्याने केस झडतात आणि गळ्याची ग्रंथी बिघडते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून सुबाभूळ अधिक नको. यातली एक नवलाची गोष्ट अशी, की हवाई बेटांतल्या आणि इंडोनेशियातल्या शेळ्यांना हा त्रास होत नाही, असे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले. शोध केला तेव्हा त्यांच्या कोठीत हे विष पचविणारे सूक्ष्म जीव सापडले, आणि ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडून तिकडचा प्रश्न सोडविण्यात आला. चार, पाऊस ओढ देतो तेव्हा ज्वारीच्या कोवळ्या पिकात आणि फुटव्यांत किराळ असते. भुकेली शेळी त्यात शिरू देऊ नये. आणि मृगापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेण्यास विसरू नये, कारण कोवळ्या चाऱ्यावर तुटून पडलेली शेळी याच रोगाने एका रात्रीत जाते.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप असा, की शेळी माळ उजाड करते, तिला खुराक कशाला वाढवावयाचा? आमचे म्हणणे उलट आहे. दावणीला कस मिळाला नाही म्हणूनच शेळी रोपांच्या शेंड्यांमागे धावते. थोडा पाला-पेंड दारात मिळाली, तर चार निकृष्ट शेळ्यांऐवजी दोन सकस शेळ्यांत तितकेच उत्पन्न निघेल, आणि माळाचा भारही हलका होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसाच्या ताटात डाळ पातळ होत चालली असताना जनावराला प्रथिने द्यावयाची काय? परंतु पेंड, चुणी, पाला, भुसकट हे काही माणसाचे अन्न नव्हे. शेळी ते दुधात आणि मांसात बदलून पुन्हा माणसाच्याच ताटात आणते. खरा प्रश्न निराळा आहे. आपल्या शेतातले सोयाबीन आणि कापूस बाजारात जातात. सोयाबीनची पेंड कोंबडीखाद्याच्या कारखान्यांत आणि परदेशांत जाते, सरकी शहराजवळच्या गोठ्यांत जाते. आपल्या वाट्यास येते ते काड. जे नत्र आपल्या मातीने निर्माण केले, त्यातला एक अंश तरी आपल्या दावणीला राहावा, असा आग्रह धरणे यात गैर ते काय?

दुष्काळात जिल्ह्यात चारा छावण्या उघडल्या, त्यांनी गाई-बैल वाचविले, त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्या मुख्यतः मोठ्या जनावरांसाठी होत्या. ज्याच्याकडे केवळ दोन शेळ्या, त्याने त्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिल्या. पुन्हा दुष्काळ येईल, तो येथे येतच असतो. तेव्हा गाभण शेळीमागे अर्धे पोते पेंड एवढी तरतूद शासनाने आणि समाजाने आधीच करून ठेवली, तर पावसाळ्यानंतर त्या घराला पुन्हा शून्यातून आरंभ करावा लागणार नाही.

मृग जवळ आला आहे. शेवरीचे बी टोचण्याचा हाच काळ. आज घरी गेल्यावर एक वाटी घ्या, तीत पेंड भरून वाण्याच्या काट्यावर तिचे वजन एकदा पाहून ठेवा आणि ती वाटी दावणीजवळच्या खुंटीला बांधा. त्या वाटीने आपल्या दारचे एखादे करडू जरी वाचले, तरी ही संध्याकाळ वाया गेली नाही असे आम्ही समजू.